सत्त्याऐंशी इंचांचे चाक

मित्रांनो, माझ्या वयाच्या सायकली आता रस्त्यावर फारशा उरलेल्या नाहीत, तेव्हा माझी ओळख मलाच करून द्यावी लागते. मी एक जुनी, शर्यतीची सायकल आहे. माझे टायर बारीक, हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले आणि अंग पोलादाचे. रंग मूळचा निळा. तो जिथे जिथे उडाला आहे तिथे मी भलत्याच रंगाची दिसते, पण मनातून मी निळीच आहे. माझ्या मागच्या चाकाला खोडरबराएवढा एक सेन्सर बांधलेला आहे. आज सांगणार आहे ती हकिगत त्याची आणि माझी. खरे तर ती एका चुकीची हकिगत आहे, आणि त्या चुकीत माझाही थोडा वाटा आहे. हे मी आधीच कबूल करून टाकते, म्हणजे नंतर कुणी नावे ठेवायला नकोत.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. पाइप कापणारा माणूस वेगळा, जोडणारी बाई वेगळी, रंग देणारा आणखी वेगळा. जोडणारी बाई तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा घालून काम करायची. जोड झाला की मुखवटा वर सारायची आणि तो थंड झाल्यावर त्यावरून अंगठा फिरवायची. माझ्या एका जोडावर तिचा अंगठा अडखळला. तिने तो घासून काढला आणि पुन्हा केला. शेजारच्या बाईने तिला विचारले, "कोण बघणारे ते?" ती म्हणाली, "बसणारा पडला तर मला दिसेल ना." तो जोड अजून पक्का आहे.

दुकानाच्या काचेतून मला घरी नेले ते काकाने. हा काका पुढे कुणाचा काका, ते येईलच. तेव्हा तो तरुण होता, अंगाने काटकुळा आणि पायाने वारा. माझ्यावर बसून त्याने तीन शर्यती जिंकल्या. एक चषक तर त्याने माझ्या हँडलला अडकवून गावभर मिरवला. रोज संध्याकाळी तो जुन्या टूथब्रशने माझी साखळी घासायचा आणि घासताना माझ्याशी बोलायचा. त्या काळात मी फार शेफारले होते. पुढे त्याचे गुडघे कुरकुरू लागले, नोकरी दुसऱ्या गावी लागली. जाताना त्याने मला आपल्या थोरल्या भावाच्या दुकानात आणून उभे केले आणि म्हणाला, "दादा, दोनच महिने ठेव." ते दोन महिने नऊ वर्षे चालले.

दादाचे दुकान कपडे शिवायचे होते. पुढे काउंटर, मध्ये दोन मशिने, मागे इस्त्रीचे टेबल आणि टेबलापलीकडे भिंतीला टेकून मी. पहिल्या आठवड्यात माझ्या हँडलवर एक कोट टांगला गेला. मग दुसरा. मग सीटवर अस्तराचे गठ्ठे आले आणि मधल्या दांडीवर पँटी. एकदा एका गिऱ्हाइकाने, "हे स्टँड छान आहे, कुठून घेतलंत?" असे विचारले, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. टायरमधली हवा कधीच गेली होती. तरी त्या दुकानाला मी नावे ठेवणार नाही. तिथे दिवसभर माणसे येत, हात वर करून उभी राहत आणि थोडा वेळ पोट आत घेत. बघायला मजा यायची.

मला तिथून सोडवले ते गोगाने. गोगा ही त्या शिंप्याची मुलगी, म्हणजे काकाची पुतणी. लहानपणी तिला एक पोळी संपवायला तास लागायचा, म्हणून घरात तिला गोगलगाय म्हणत, आणि त्याचे झाले गोगा. आता ती एकतीस वर्षांची आहे, रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते, तरी नाव तेच राहिले. तिथे ती प्रत्येक नळीवरचे नाव तीनदा वाचते. घाई तिच्या रक्तातच नाही. पण पळणे तिला मनापासून आवडते. पहाटे उठून ती दहा-दहा किलोमीटर पळते आणि हसत घरी येते. कामावरच्या एका बाईने तिला तिहेरी शर्यतीबद्दल सांगितले: आधी तळ्यात दीड किलोमीटर पोहायचे, मग चाळीस किलोमीटर सायकल, मग दहा किलोमीटर पळायचे. पोहणे तिला जमत होते. पळण्यात तर तिचा जीव. मधल्या सायकलीसाठी तिने माझ्यावरचे कोट एकेक करून उतरवले.

पहिल्या वर्षी आमची फजिती झाली. त्या शर्यतीत सायकलीसाठी एक तास चाळीस मिनिटे मिळतात. तेवढ्यात आलेल्यांनाच पुढे पळू देतात. एक उंच माणूस घड्याळ बघत उभा असतो आणि वेळ झाली की रस्त्यावर दोर आडवा धरतो. आम्ही तीन मिनिटे उशिरा पोचलो. दोरवाला म्हणाला, "ताई, इथपर्यंतच." गोगाने छातीवरचा नंबर काढून त्याच्या हातात दिला. तिचे पाय ताजे होते, दम शिल्लक होता, आणि पलीकडे तिच्या आवडीचा दहा किलोमीटरचा रस्ता मोकळा पडला होता. घरी येऊन ती आईला म्हणाली, "पळायला तरी द्यायचं होतं गं."

पुढच्या वर्षी दोराच्या आत पोचायचे, हे तिने त्याच दिवशी ठरवले.

आमचा सायकल मिस्त्री फार स्पष्ट बोलतो. त्याने माझी साखळी बदलली, ब्रेक आवळले आणि तिला म्हणाला, "पोरी, तू आंधळेपणानं चालवतेस. मनात आलं की जोरात, नाहीतर वारा खात. वेग डोळ्यांसमोर असला की पाय शिस्तीत येतात. एक सेन्सर लाव." आणि त्याने हा खोडरबराएवढा सेन्सर आणि हँडलवर लावायचे एक लहान मीटर तिच्या हातात ठेवले. त्याच्यापुढे त्या दिवशी सायकलींची रांग लागली होती. "रबरानं बांधायचा, काही अवघड नाही. चाकाचा घेर तेवढा नीट मोजून मीटरमध्ये भर, म्हणजे झालं."

रविवारी सकाळी दुकान बंद असते, तेव्हा गोगाने मला इस्त्रीच्या टेबलापाशी उलटे उभे केले. चाकाच्या अगदी मध्यभागी, जिथे सगळ्या तारा येऊन मिळतात, तिथे तिने सेन्सर ठेवला, त्याचा रबरी पट्टा ओढून घेतला आणि दुसऱ्या टोकाला अडकवला. चाक फिरवले. सेन्सरचा एक बारीक दिवा लुकलुकला आणि हँडलवरचे मीटर जागे झाले. मला मुळीच आवडले नाही. मी वीस वर्षे जुनी, तीन शर्यती जिंकलेली, आणि माझा वेग मला हा कालचा चिमुरडा सांगणार?

मित्रांनो, सेन्सरचे काम तुम्हाला सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातून झाला. त्याला रस्ता दिसत नाही. तो चाकाबरोबर गोल फिरतो आणि एक फेरी झाली की मीटरला कळवतो: झाली. पुन्हा एक झाली. बस्स, तेवढेच. फेरी केवढी लांब ते त्याला ठाऊक नसते. ते माणसाने मीटरला एकदा सांगायचे असते, मग मीटर तेवढ्याने गुणत बसते.

गोगा माहितीचा कागद मोठ्याने वाचत होती. "चाकाचा घेर मिलिमीटरमध्ये भरा."

आतल्या मशिनवरून बाबांनी मान वर केली. "काय भरा?"

"घेर, बाबा. चाकाचा."

बाबा उठलेच. चाळीस वर्षे कपड्यांचे घेर मोजलेल्या माणसासमोर कुणी घेर म्हटल्यावर तो बसून कसा राहणार? गळ्यातली टेप काढत ते म्हणाले, "सर बाजूला. हे माझं काम."

काज करत बसलेली आई म्हणाली, "चाकाला झगा शिवताय का?"

"तू तुझं काज बघ."

त्यांनी टेप माझ्या टायरभोवती लावली. शिंप्याची टेप साठ इंची, माझे चाक त्याहून मोठे. टेप अर्ध्यावरच संपली. बाबा जरा थांबले. मग त्यांनी हवेच्या व्हॉल्व्हपाशी खडूची एक खूण केली, समोरच्या बाजूला दुसरी केली आणि चाकाचे दोन भाग पाडले. पहिला भाग मोजला. "साडेएक्केचाळीस," ते पुटपुटले. "अधिक दोन, साडेत्रेचाळीस." दुसरा भाग मोजला. "साडेएक्केचाळीस, अधिक दोन, साडेत्रेचाळीस. लिही गोगा, एकूण सत्त्याऐंशी."

हे अधिक दोन काय होते ते मला कळले, कारण मी नऊ वर्षे त्या दुकानात काढली होती. शिंपी दोन तुकडे जोडतो तेव्हा प्रत्येक तुकडा शिवणीसाठी दोन्ही कडांना थोडा जास्तीचा कापतो. त्या जास्तीच्या कापडाला ते माया म्हणतात. माया ठेवली नाही तर कपडा तंग होतो, शिवण उसवते, आणि पुढे माणूस जाड झाला तर कपडा मोठा करता येत नाही. बाबांचा हात ते न विचारता करतो. चाकाचे दोन तुकडे झाले म्हटल्यावर त्यांनी प्रत्येकाला दोन्हीकडून इंच-इंच माया ठेवून दिली.

गोगाने कागदावर सत्त्याऐंशी लिहिले, गुणाकार केला, पुन्हा केला, मग आणखी एकदा केला, आणि मीटरमध्ये दोन हजार दोनशे दहा भरले. इंचांचे मिलिमीटर तिने तीनदा तपासले. इंच मात्र एकदाही नाही. बाबांच्या टेपवर शंका घ्यायची त्या घरात पद्धतच नव्हती.

मी गप्प राहिले. सायकलला घंटी असते, तोंड नसते, आणि शर्यतीच्या सायकलीला तर घंटीही नसते. पण खरे सांगायचे तर मला बोलता येत असते तरी मी बोलले नसते. कारण दुसऱ्याच दिवशी रस्त्यावर मीटरने पंचवीसचा आकडा दाखवला, गोगा ओरडली, "पंचवीस!" आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढले.

त्या आकड्याने घर भारून गेले. ताशी चोवीसने गेले की दोराच्या आत पोचता येत होते, आणि आम्ही पंचवीसने जात होतो. गोगा रोज कामावरून आली की मला घेऊन पाण्याच्या टाकीपर्यंत जायची, वळसा घालायची, परत यायची. तो रस्ता किती लांब आहे हे कुणी कधी मोजले नव्हते. बाबा तर गिऱ्हाइकाची कॉलर मोजता मोजता सांगायचे, "आमची गोगा पंचवीसनं जाते. हं, मान सरळ." गिऱ्हाइकाला ना गोगा माहीत, ना पंचवीस कशाचे ते माहीत, पण मान सरळ ठेवून तो "वा वा" म्हणायचा. मीही ऐकून घ्यायचे. आता सेन्सरशी माझे बरे चालले होते. एवढा गोड बोलणारा शेजारी कुणाला नको असतो?

शर्यतीला तीन आठवडे उरले होते. त्या रविवारी आयोजकांनी खरा मार्ग सरावासाठी मोकळा ठेवला होता, वीस किलोमीटरचा वळसा, दोनदा. आम्ही गेलो. गोगा छान चालवत होती, मीटर सरासरी पंचवीसच्या वरच सांगत होते. मग मीटरवर चाळीस किलोमीटर झाले आणि समोर संपायची खूण दिसेना. एक्केचाळीस झाले. बेचाळीस झाले तेव्हा कुठे पांढरी रेघ आली. गोगाने घड्याळ पाहिले. एक तास चाळीस मिनिटे, वर अडतीस सेकंद.

रेघेपाशी तोच उंच दोरवाला हातात रंगाचा डबा घेऊन खुणा पक्क्या करत होता. गोगा तडक त्याच्याकडे गेली.

"दादा, तुमचा मार्ग दोन किलोमीटर जास्त आहे."

त्याने ब्रश डब्यात ठेवला. "ताई, हा रस्ता मी मापाची साखळी टाकून मोजलाय. दोनदा."

"माझं मीटर बेचाळीस दाखवतंय."

"मग मीटरलाच विचारा, वरचे दोन कुठं फिरून आलं म्हणून."

ती तशीच परत फिरली. मिस्त्रीच्या दारात येऊन तिने मला उभे केले आणि म्हणाली, "हा सेन्सर काढून टाका. खोटारडा आहे."

मला सेन्सरची दया आली. बिचारा इमानाने फेऱ्या मोजत होता. मिस्त्रीने त्याला हात लावला नाही. तो म्हणाला, "बस सायकलवर. मी धरतो." त्याने माझ्या टायरवर व्हॉल्व्हपाशी खडूची रेघ मारली, तीच रेघ खाली जमिनीवर ओढली आणि गोगाला बसवूनच मला हळूहळू पुढे ढकलले. चाकाची एक फेरी पूर्ण झाली, खडू पुन्हा जमिनीला टेकला. तिथे दुसरी रेघ. मग त्याने पत्र्याची लांब टेप दोन रेघांमध्ये धरली. "दोन हजार शंभर. तू काय भरलंस?"

"दोन हजार दोनशे दहा."

"एवढं कुणी मोजलं?"

गोगाने रस्त्यापलीकडे पाहिले. मिस्त्रीचे दुकान आमच्या समोरच आहे. त्याने नुसती हाक मारली आणि बाबा टेप गळ्यात घालूनच रस्ता ओलांडून आले. पाठोपाठ आई आली.

"बाबा, तुम्ही सत्त्याऐंशी इंच कसे मोजलेत?"

"दोन तुकड्यांत. साडेएक्केचाळीस, साडेएक्केचाळीस."

"त्याचे त्र्याऐंशी होतात."

"आणि चार मायेचे," बाबा सहज म्हणाले.

मिस्त्री तोंड फिरवून खोकला काढू लागला. तो खोकला नव्हता.

"बाबा," गोगा म्हणाली, "चाकाला शिवण कुठे असते?"

बाबांनी माझ्याकडे पाहिले, गोल, अखंड टायरकडे पाहिले, आणि त्यांचा चेहरा उतरला. "जोड आला की हात आपोआप करतो गं," ते म्हणाले. "आणि तुझं माप म्हटलं की मी जरा जास्तच धरतो. तू वाढायचीस ना. शाळेचा एक कपडा तीन वर्षं पुरवायचो."

"मी आता एकतीसची आहे."

"हो. ते खरं."

गोगा रागावली असती तर बरे झाले असते. ती फूटपाथवर बसली आणि म्हणाली, "म्हणजे मी तेवीस-चोवीसनंच जात होते. इतके महिने. आणि आज तर मी पोहलेही नव्हते. पोहून आल्यावर पाय आणखी जड होणार." तिला रडू आले. आई तिच्या शेजारी बसली. बाबा दुकानात परत गेले आणि गळ्यातली टेप काढून त्यांनी मशिनवर ठेवली. त्या दिवशी त्यांनी कुणाचेच माप घेतले नाही.

मला फार वाईट वाटले. मला सगळे माहीत होते आणि तरी मी त्या पंचवीसला भुलले होते. निदान मी तरी भुलायला नको होते.

मिस्त्रीने मीटरमध्ये खरा आकडा भरला. दुसऱ्या दिवशी गोगा मला घेऊन निघाली तेव्हा मीटरवर तेवीस, साडेतेवीस, कधी चोवीस येऊ लागले. गोड बोलायला कुणी नव्हते, नुसता खरा आकडा. पण आता तो आकडा ओढायला उपयोगी पडत होता. तेवीस दिसले की ती पाय जरा दाबायची, चोवीस झाले की तसेच धरून ठेवायची. आठवडाभरात तिला चोवीसची सवय होऊ लागली. त्यावर मात्र काही केल्या जाईना.

एका संध्याकाळी बाबा दुकानाच्या दारात उभे होते. आम्ही समोरून गेलो, वळलो, पुन्हा समोरून आलो. त्यांनी हात वर केला. "थांब. पाठ फिरव. तुझा शर्ट फुगतोय."

तो शर्ट त्यांनीच शिवला होता, अर्थातच घरच्या रिवाजाप्रमाणे ऐसपैस. मला त्याची फडफड रोज ऐकू यायची, पण मला वाटे तो वाराच आहे.

"आत ये. सायकलसकट."

त्यांनी मला टेबलापाशी उभे केले, मागचे चाक आईने धरले आणि गोगाला रस्त्यावर वाकते तशी वाकून बसायला सांगितले. चाळीस वर्षे बाबांनी उभ्या माणसांची मापे घेतली होती. वाकलेल्या माणसाचे ते पहिल्यांदाच घेत होते. वाकल्यावर पाठ लांब होते आणि पोट आखूड, हे बघून ते दोन वेळा स्वतःशीच "अरेच्चा" म्हणाले. काखेत, कमरेत, दंडावर टाचण्या लागल्या. मग शर्ट उलटा करून त्यांनी नवी शिवण घातली आणि आत राहिलेले जास्तीचे कापड कापायला कात्री उचलली.

गोगा म्हणाली, "बाबा, आत दुमडून ठेवा ना. पुढेमागे उसवता येईल."

"नको," बाबा म्हणाले. "हा आता तुझ्या मापाचा आहे. माझ्या नाही." आणि कात्री चालली. कापडाच्या चिंध्या माझ्या चाकाखाली पडल्या. आईने त्या उचलून डब्यात टाकल्या आणि डोळ्यांत काही गेल्यासारखे डोळे पुसले.

शर्यतीचा दिवस उजाडला. मी इतर सायकलींबरोबर एका आडव्या दांडीला सीटवरून टांगलेली होते. शेजारच्या सायकली हलक्या, काळ्या, चकचकीत, वजनाने मांजराएवढ्या. मी त्यांच्याकडे पाहिले नाही. गोगा तळ्यातून पळत आली, केसांतून पाणी गळत होते, ओठ निळे. ओल्या अंगावर तंग शर्ट चढेना, पण बाबांनी पुढून गळ्यापासून खालपर्यंत चेन लावली होती. सर्र करून ती बंद झाली आणि आम्ही निघालो.

पहिला वळसा झाला तेव्हा मीटरवर सरासरी चोवीस पूर्णांक सहा होती. गोगाने एकदाच पाहिले आणि मान खाली घातली. दुसऱ्या वळशात वारा समोरून आला. सरासरीतला पूर्णांकापुढचा आकडा हळूहळू खाली सरकू लागला. चार. तीन. दोन. बत्तीस किलोमीटर झाले तेव्हा चोवीस पूर्णांक एक. आणखी दोन पायऱ्या खाली गेली की समोर दोर. मित्रांनो, तेव्हा मला पुन्हा त्या पंचवीसची आठवण झाली. गोड होते ते, पण त्याच्या नादाने आम्ही इथे आरामात हरलो असतो. गोगाने कोपर आत घेतले, छाती माझ्या दांडीला लागेल एवढी वाकली. शर्टाचा आवाज नव्हता. फक्त साखळीचा आणि तिच्या श्वासाचा. जोडणारी बाई कुठे असेल कोण जाणे, पण माझा एकही जोड कुरकुरला नाही. मीटरवरचा तो एकचा आकडा बराच वेळ तसाच राहिला आणि मग त्याचा पुन्हा दोन झाला.

मीटरवर चाळीस आणि रस्त्यावर दोरवाला, दोघे एकदमच समोर आले. दोर त्याच्या हातात गुंडाळलेला होता. त्याने घड्याळ पाहिले.

"नव्याण्णव मिनिटं. ताई, आत! आत!"

गोगा उतरली. तिने मला दांडीला टांगले. ती दहा पावले पळाली आणि दोरवाला मागून ओरडला, "ताई, हेल्मेट!" ती हेल्मेट घालूनच निघाली होती. परत आली, ते माझ्या हँडलला अडकवले आणि गेली. कुंपणापलीकडून बाबा आईचा हात धरून ओरडत होते, "गोगा, पळ! पळ, गोगा!" आजूबाजूची माणसे त्या नावाला हसत होती आणि तीही ओरडू लागली. गोगाने हात वर केला आणि वळणावरून दिसेनाशी झाली. ती हसत होती, एवढे मला दिसले.

थोड्या वेळाने चाकावरचा सेन्सर झोपी गेला. चाक थांबले की तो झोपतो, शहाणा आहे. मी मात्र जागी होते. ती कशी पळाली, किती वेळात पळाली, मला माहीत नाही. मी ते पाहिले नाही आणि मला ते बघायचेही नव्हते. मला फक्त तिला तिथपर्यंत आणायचे होते, आणि मी आणले होते. तेवढ्यानेच मी अगदी तृप्त होते.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी सायकल असेल. तिच्या चाकात हवा ठेवा, साखळीला तेल द्या, पावसात भिजली तर पुसा. तिला मीटर लावलेत तर चाक जमिनीवर फिरवून, वर बसून, खरे माप घ्या. आम्हाला गोड आकडे फार आवडतात, म्हणून तर ते आम्हाला देऊ नका. आणि मग आमच्यावर बसा, वेळेत पोचा, आम्हाला तिथेच सोडा आणि तुम्हाला आवडते तिकडे खुशाल पळत जा. आम्ही थांबतो.